कवड्याच्या वाटेने आलेली मण्यार : सोलापुरातील एका घराचे प्रकरण

दुसऱ्या श्रावणी सोमवारची रात्र सरून मंगळवार उजाडत असताना, सोलापूरच्या पूर्वेकडील विडी कामगारांच्या एका वस्तीत चौतीस वर्षांच्या एका बाईंना झोपेत मण्यार चावली. जखम नव्हती, रक्त नव्हते, सूज नव्हती आणि त्या रात्री घरातल्या कोणीही साप पाहिलेला नव्हता. दिवस उपवासाचा होता, त्यामुळे पोटात दुखू लागले तेव्हा सगळ्यांनी त्याचा दोष साबुदाण्याला दिला. बाई वाचल्या. त्या कशा वाचल्या हे सांगणे जितके गरजेचे आहे, तितकेच ती मण्यार त्या घरात का आली हेही नोंदवून ठेवणे मला गरजेचे वाटते. कारण याच घराने एक महिना आधी मला एका सापाचा फोटो पाठवला होता, मी त्या सापाचे नाव अचूक सांगितले होते आणि तरीही माझे उत्तर अपुरे ठरले होते.

मी शाळेत शिक्षक आहे आणि गेली सोळा वर्षे सर्पमित्र म्हणून काम करतो. हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीने लिहीत आहे. नावे, गल्ली आणि ओळख पटेल असे इतर तपशील गाळले आहेत.

घर आणि घरातली माणसे

घर दोन खोल्यांचे आहे. भिंती विटांच्या, वर पत्रा आणि खाली शहाबादी फरशी. पुढच्या खोलीत सासूबाई लोखंडी खाटेवर झोपतात आणि दारालगत धाकटा दीर झोपतो. आतल्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा आणि मोरी आहे. तिथेच सूनबाई, म्हणजे ज्यांना मण्यार चावली त्या, दोन मुलांना घेऊन फरशीवर वाकळ अंथरून झोपतात. त्यांचे पती यंत्रमागावर रात्रपाळीला असतात. घराच्या मागे जेमतेम साडेतीन फुटांचा बोळ आहे. त्या बोळात, कधीतरी कामाला येतील म्हणून ठेवलेल्या फुटक्या शहाबादी फरश्यांची आणि विटांची चवड भिंतीला टेकून रचलेली होती. मोरीचे पाणी तीन इंची पाइपातून थेट याच बोळातल्या उघड्या गटारीत पडत होते आणि पाइपाच्या तोंडाला जाळी नव्हती.

मोरीशेजारी तेंदूच्या पानांचे गाठोडे असे. विडीचे पान कातरण्याआधी भिजवून मऊ करावे लागते, नाहीतर ते कात्रीखाली चुरते. म्हणून पाने भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवण्याची या वस्तीत घरोघरी रीत आहे. ओट्याखाली ज्वारीचे अर्धे पोते होते. पोते म्हटले की उंदीर आलेच, आणि ओट्यावरच्या दिव्याभोवती पाली होत्या. ही यादी कोणत्याही साध्या कष्टकरी घराची आहे आणि त्यात अस्वच्छतेचा लवलेशही नाही. सूनबाईंची फरशी इतकी लख्ख असते की साप निघाल्याचे ऐकून कोणी ‘घर स्वच्छ ठेवायला हवे’ असे म्हणाले, तेव्हा त्यांच्या सासूबाईंना ते लागले, आणि ते लागणे रास्तच होते.

एक महिना आधीचा फोटो

आषाढात एका संध्याकाळी दिराने मला मोबाइलवर फोटो पाठवला. मोरीच्या भिंतीला बिलगून वर चढणारा, तपकिरी रंगाचा, दीड फुटांचा साप होता. मानेमागे फिकट पिवळसर पट्टा, अंगावर रुंद आडवे पट्टे. हे पट्टे पुढच्या बाजूला ठसठशीत आणि शेपटीकडे जाता जाता विरळ होत नाहीसे झालेले. तो कवड्या होता, यात शंका नाही. मी फोन करून सांगितले, “कवड्या आहे, बिनविषारी आहे. मारू नका, पाली खायला येतो, आपला आपण निघून जाईल.” तो खरेच मोरीच्या पाइपातून निघून गेला. दिराने आभार मानले. मलाही समाधान वाटले की एक साप वाचला.

या उत्तरातला एकही शब्द खोटा नव्हता. परंतु घरातल्या माणसांनी त्यातून ऐकले ते वेगळेच होते. ‘आपल्या घरात जो साप येतो तो बिनविषारी आहे’ असा त्यांचा समज झाला. मी एका सापाविषयी बोललो होतो. त्यांनी ते घराविषयी घेतले. शिवाय मी एक गोष्ट विचारलीच नाही, आणि या कामातल्या माणसाने ती सगळ्यात आधी विचारायला हवी होती : तो आत आला कुठून?

मण्यारीचे खाणे उंदीर, पाली, सरडे यांपुरते मर्यादित नाही. ती दुसरे सापही खाते आणि त्यात कवड्यासारखे लहान साप असतात. रात्रीच्या वेळी बिळे, फटी आणि गटारींचे काठ धुंडाळत भक्ष्याच्या वासावर ती फिरते. याचा अर्थ असा की ज्या घरात कवड्याला पाली मिळतात आणि आत शिरायला वाट मिळते, त्या घरात मण्यारीला पाली, उंदीर, कवड्या आणि तीच वाट, असे सगळे एकाच ठिकाणी मिळते. बिनविषारी साप घरात दिसणे ही निश्चिंत होण्याची बाब नव्हे. घराला भोक आहे हे त्यातून कळते.

घटनेच्या आठ दिवस आधी सासूबाईंना रात्री मोरीजवळ काळसर, चकचकीत, बारीक साप दिसला होता. त्यांनी ‘तोच तो, सरांनी सांगितलेला’ असे म्हणून केरसुणीने त्याला पाइपाकडे हुसकावले आणि सकाळी कोणाला सांगितलेही नाही. ही गोष्ट मला त्या मंगळवारी दुपारी कळली. कवड्या तपकिरी असतो आणि त्यांनी पाहिलेला साप काळा होता. पण त्यांच्याकडे शंका घेण्याचे कारणच उरले नव्हते, ते मी माझ्या फोनने काढून घेतले होते.

पहाट

रात्री अकराच्या सुमारास सूनबाई झोपल्या. दीड-दोनच्या दरम्यान दंडाच्या मागच्या बाजूला काहीतरी टोचल्यासारखे वाटून त्यांना जाग आली. मुंगी किंवा डास असेल म्हणून त्यांनी हात चोळला, धाकट्या मुलाच्या अंगावर पांघरूण ओढले आणि त्या पुन्हा झोपी गेल्या. साडेतीनला पोटात पिळवटून आल्याने त्या उठल्या, पाठोपाठ उलटी झाली. सासूबाईंनी लिंबूपाण्यात सोडा घालून दिला. पाचच्या सुमारास त्यांना समोरचे दोन-दोन दिसू लागले आणि पापण्या जड झाल्या. जागरणामुळे असेल, असे वाटून त्यांना पडून राहायला सांगण्यात आले. सव्वापाचला जवळच्या एका डॉक्टरांकडे नेले असता पित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले. या डॉक्टरांना मी सरसकट दोष देत नाही. उपवास, पोटदुखी आणि उलटी एवढेच त्यांच्यासमोर मांडले गेले होते. परंतु पापण्यांकडे लक्ष गेले असते आणि ‘रात्री कुठे झोपला होतात’ एवढा एक प्रश्न विचारला गेला असता, तर पाऊण तास वाचला असता.

सहा वाजता दिराचा मला फोन आला. “सर, वहिनीचे डोळे झाकायलेत, उघडनात. बोलणं पण नाकातून यायलंय. साप-बिप काही दिसला नाही, पण मला कसंतरी वाटायलंय.” या मुलाच्या मनात ती शंका का आली हे त्यालाही नीट सांगता येत नाही, पण त्या शंकेने जीव वाचवला.

मी तीन प्रश्न विचारले : त्या जमिनीवर झोपल्या होत्या का, थुंकी गिळता येते का, आणि श्वास लागतो आहे का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले, दुसऱ्याचे ‘नाही, तोंडातून गळतंय’ असे आले, तेव्हा तिसऱ्याच्या उत्तराची वाट न पाहता मी त्याला सांगितले की साप शोधत बसू नका, असतील तशा त्यांना ताबडतोब सिव्हिलला न्या. १०८ ला फोन करा, पण दारात रिक्षा उभी असेल आणि ती आधी निघणार असेल तर रिक्षाने निघा. वाटेत कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, दूध, औषध, काहीही तोंडात घालू नका. दोरी बांधू नका. बांगड्या काढा आणि हात शक्यतो हलू देऊ नका.

दोरी बांधण्याविषयी थोडे स्पष्ट लिहायला हवे, कारण आजही दहापैकी सहा-सात फोनमध्ये मला ‘बांधलंय बरं का, घट्ट’ असे अभिमानाने सांगितले जाते. आवळून बांधल्याने विष अंगात पसरण्याचे थांबते हा समज चुकीचा आहे. रक्तपुरवठा तुटून हातपाय काळेनिळे पडतात, घोणस किंवा नाग चावलेला असेल तर त्या जागेचे मांस अधिक सडते, आणि सर्वांत वाईट म्हणजे ‘बांधले आहे, आता घाई नाही’ अशी खोटी सवड माणसे स्वतःला देतात. जखम कापणे, चोखणे, बर्फ लावणे, मिरची चावायला देऊन चव लागते का पाहणे, देवळाच्या पारावर नेऊन बसवणे, या सगळ्यांत खर्च होतो तो फक्त वेळ, आणि मण्यारीच्या दंशात वेळ हेच एकमेव भांडवल असते.

रुग्णालयात

सातला दहा मिनिटे असताना त्या आपत्कालीन विभागात पोहोचल्या. पुढचा तपशील दिराने आणि तिथल्या निवासी डॉक्टरांनी मला नंतर सांगितला. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांसमोर बोट धरून ते हळूहळू वर नेले. नजर वर गेली, पण पापण्या गेल्या नाहीत. उशीवरून मान उचलायला सांगितली, ती उचलता आली नाही. एका श्वासात आकडे मोजायला सांगितले; निरोगी माणूस सहज तीसच्या पुढे जातो, त्या नऊवर थांबल्या. पाच मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगितले तेव्हा सहावर थांबल्या. दीर सांगत होता की त्याला वैद्यकातले काही कळत नाही, पण नऊचे सहा झालेले कळले.

दंश कुठे झाला याचा शोध घेण्यात आला. दंडाच्या मागे डास चावल्यासारखा एक ठिपका होता. तो दंशाचाच आहे हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकले नसते. मण्यारीचे दात लहान असतात, जागेवर वेदना आणि सूज बहुधा नसते, आणि कित्येकदा खूण सापडतच नाही. म्हणून पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेले माणूस पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या उतरू लागल्या, तर खूण नसली तरी मण्यार चावली असे धरून चालायचे, हा नियम अनुभवी डॉक्टर पाळतात.

शिरेतून थोडे रक्त काढून ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवले गेले. ते व्यवस्थित गोठले. घोणस किंवा फुरसे चावले असते तर रक्त न गोठता पातळच राहण्याची शक्यता होती, कारण त्यांचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते. नळीतले रक्त घट्ट आणि पापण्या मिटलेल्या, यावरून विष मज्जासंस्थेवर काम करणारे आहे, म्हणजे नाग किंवा मण्यार, हे ठरले. आणि नाग चावला असता तर बहुधा दंशाच्या जागी सूज आणि ठणका असता.

प्रतिविषाच्या १० कुप्या सलाइनमधून देण्यात आल्या. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार केले जाते आणि म्हणूनच काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी होते. यासाठीच ते घरी किंवा सोयी नसलेल्या दवाखान्यात देण्याचे औषध नाही. अशी ॲलर्जी आटोक्यात आणणारे ॲड्रेनालिन शेजारी भरून तयार असावे लागते. सूनबाईंना अंगावर पित्त उठले, ते इंजेक्शनने आटोक्यात आले. पावणेआठला श्वास उथळ झाला, तेव्हा श्वासनलिकेत नळी घालून त्यांना व्हेंटिलेटरवर घेण्यात आले. लुळे पडलेल्या स्नायूंना बळ येते का हे पाहण्यासाठी निओस्टिग्मिन आणि सोबत ॲट्रोपिन ही औषधे देऊन पाहिली गेली, पण फरक पडला नाही. दोन तासांनी आणखी १० कुप्या देण्यात आल्या आणि त्यानंतर प्रतिविष थांबवले गेले.

इथे घरच्यांचा धीर सुटला. “पैसे लागले तर आणतो, पण अजून लस द्या,” असा त्यांचा आग्रह होता. डॉक्टरांनी रुग्णालयाच्या बोळात उभे राहून जे समजावले ते मला फार मोलाचे वाटते. नागाचे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या सांध्यावर कुलूप घालते. ते कुलूप औषधाने निघू शकते. मण्यारीचे विष मज्जातंतूंची टोकेच आतून नासवते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण नासलेले टोक ते दुरुस्त करू शकत नाही. ती टोके शरीराला पुन्हा वाढवावी लागतात आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस श्वासाचे काम यंत्राने करायचे. जास्त लस दिल्याने ते दिवस कमी होत नाहीत.

मी दुपारी पोहोचलो तेव्हा सूनबाई पूर्ण निश्चल होत्या. बोटही हलत नव्हते, बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला दाद देत नव्हत्या. सासूबाई दाराशी बसून ‘गेली माझी पोर’ म्हणून रडत होत्या. वयस्क परिचारिका बाहेर आल्या आणि त्यांनी सासूबाईंचा हात धरून त्यांना आत नेले. “आजी, तिला सगळं ऐकू येतंय. तिच्यासमोर असलं बोलायचं नाही. पोरं कुठं आहेत, जेवली का, ते सांगा तिला.” सासूबाई कॉटजवळ वाकल्या आणि धाकट्याने भाकरी खाल्ली नाही, दूध प्याला, असे सांगू लागल्या. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात, शुद्ध जात नाही. संपूर्ण लुळा पडलेला रुग्ण मेंदू मेल्यासारखा दिसू शकतो, आणि अशा वेळी आशा सोडून घरी नेणे म्हणजे जिवंत, ऐकणाऱ्या माणसाला नेऊन मारणे होय. महिनाभराने सूनबाईंनी मला स्वतः सांगितले की भाकरीची गोष्ट त्यांनी ऐकली होती.

तिसऱ्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला, पाचव्या दिवशी नळी निघाली.

घरात शोध

मंगळवारी सकाळी रिक्षा निघाली तसा मी घरी पोहोचलो होतो. मुले शेजाऱ्यांकडे पाठवली, बाकी सर्वांना बाहेर काढले आणि दोन्ही खोल्यांतला दिवा चालू केला. वाकळ, उशा, पांघरुणे काठीने एकेक उचलून अंगणात झटकली. तिथे काही नव्हते. पोते हलवले, उंदराची पिल्ले निघाली. सर्वांत शेवटी मोरीशेजारच्या पानांच्या गाठोड्यावरचे ओले गोणपाट आकड्याने उचलले.

ती खाली होती. सुमारे तीन फूट लांब, निळसर झाक असलेला काळा रंग, जणू नुकतेच तेल लावून पुसलेला. अंगावर दोन-दोनच्या जोडीने बारीक पांढऱ्या रेषा. शेपटीकडे दाट आणि स्पष्ट, मानेकडे तुटक होत नाहीशा झालेल्या. पाठीच्या मधोमध षट्कोनी, इतरांहून मोठ्या खवल्यांची ओळ. दिवसा मण्यार मंद असते. उजेड पडताच तिने वेटोळे आवळले आणि डोके त्याखाली लपवले. रात्री हीच मण्यार वेगळी असते, हे नवशिक्या सर्पमित्रांनी लक्षात ठेवायला हवे. मी आकड्याने तिला पाइप लावलेल्या कापडी पिशवीत घेतले. हात लावला नाही आणि गर्दीला दाखवलीही नाही. साप हातात धरून फोटो काढण्याच्या हौसेपायी आपल्या क्षेत्रातली चांगली माणसे गेली आहेत, याचे मला मनापासून दुःख आहे. पिशवीत घेण्याआधी दुरून काढलेला फोटो मी डॉक्टरांना पाठवला. साप मारून किंवा पकडून रुग्णालयात नेण्याची काहीही गरज नसते.

बाहेर जमलेल्यांपैकी काहींचे म्हणणे होते की हिला सोडली तर डूख धरून परत येईल, आणि हिचा जोडीदार तर येईलच. त्यांची भीती मी हसण्यावारी नेली नाही. त्या घरातली बाई तेव्हा यंत्रावर होती. मी एवढेच सांगितले की सापाला चेहरा ओळखून लक्षात ठेवता येत नाही, मात्र दुसरी मण्यार येऊ शकते, आणि ती सूड म्हणून न येता हिला जे मिळाले तेच मिळते म्हणून येईल. तेव्हा राग या पिशवीवर न काढता त्या पाइपावर काढू या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार साप मारणे गुन्हा आहे, हेही सांगितले, पण ते दुसऱ्यांदा. आधी कायदा सांगितला की माणसे ऐकणे बंद करतात. वनविभागाला कळवून, नोंद करून मण्यार वस्तीपासून दूर सोडण्यात आली.

वाटा बुजवणे

पुढच्या रविवारी दीर, त्याचे दोन मित्र आणि मी अशा चौघांनी काम केले. मोरीच्या पाइपाला आतून आणि बाहेरून बारीक छिद्रांची जाळी बसवली. छिद्र करंगळी जाणार नाही इतके लहान असावे, हा माझा अंदाजाचा नियम आहे, कारण कवड्या आणि मण्यारीची पिल्ले फार बारीक असतात. दाराखाली दोन बोटांची फट होती, तिथे रबराची पट्टी ठोकली. बोळातली फरश्यांची चवड हलवताना तिच्याखाली उंदरांची बिळे आणि सापाची एक कात सापडली. त्या फरश्या आता बोळाच्या तोंडाशी, भिंतीपासून सुटून, विटांवर उचलून ठेवल्या आहेत. जोत्यातल्या फटी सिमेंटने भरल्या. ज्वारी पत्र्याच्या कोठीत गेली. पानांचे गाठोडे आता ओट्याच्या उंचीच्या फळीवर, झाकणाच्या टोपलीत असते. हे सूनबाईंनी घरी परतल्यावर स्वतः सुचवले. सगळा खर्च अठराशे रुपयांच्या आत झाला.

शेजारच्या एका गृहस्थांनी कार्बोलिक ॲसिड शिंपडण्याचा आग्रह धरला होता. त्याने साप येत नाहीत याला आधार नाही, आणि ते अंगावर किंवा मुलांच्या हाती पडले तर भाजते. फिनेल, लसूण, गंधक यांचेही तेच. त्यांच्या वासाने फक्त आपल्याला धीर येतो.

झोपण्याची व्यवस्था हा सर्वांत कठीण भाग होता. खोली लहान असल्याने तिघांसाठी पलंग मावत नव्हता. शेवटी जुनी लोखंडी खाट मिळाली, तिच्यावर दोन मुले झोपतात आणि सूनबाई फरशीवरच, पण मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून. मच्छरदाणी ही डासांसाठी, सापांसाठी नव्हे, असे अनेकांना वाटते. नेपाळच्या आग्नेय भागात झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका लक्षणीयरीत्या कमी असल्याचे आढळले होते. अट एकच, ती खोचलेली असावी. नुसती लोंबती मच्छरदाणी उपयोगाची नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले आहेत, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. हा आकडा वाचताना मला शेतातला नाग आणि माळावरचे फुरसे यांआधी वाकळीवर झोपलेली माणसे दिसतात, ज्यांच्या मृत्यूवर ‘झोपेत गेला, हार्टॲटॅक असेल’ असे बोलून पडदा पडला असेल.

माझ्या कामात झालेला बदल

आता फोटो आला की मी नाव सांगतो, पण तिथे थांबत नाही. कवड्या आणि मण्यार यांच्यातला फरक फोनवर सांगताना पट्ट्यांची दिशा मी सांगतोच : कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक, मण्यारीचे शेपटीकडे ठळक. परंतु मण्यारीच्या पिल्लांमध्ये पट्टे मानेपर्यंत स्पष्ट असू शकतात, रंगाचा अंदाज दिव्याच्या उजेडात चुकतो, आणि घाबरलेले माणूस पट्टे मोजत नाही. म्हणून घरच्यांना मी ओळख शिकवण्याच्या भरीस पडत नाही. त्यांना सांगतो की प्रत्येक वेळी नवा साप समजून फोन करा. मी नसलो तर वनविभागाची १९२६ ही सेवा आहे. दुरून नजर ठेवा, मुलांना बाहेर काढा, त्याला हुसकावून बिळात घालू नका. आणि मग विचारतो की मोरीला जाळी आहे का, दाराखाली फट किती आहे, जमिनीवर कोण झोपते. शक्य असेल तर त्या आठवड्यात जाऊन घर पाहून येतो. सगळीकडे जाणे जमत नाही, हे कबूल करतो. पण जमिनीवर मुले झोपतात असे कळले तर जातोच.

सूनबाई तीन आठवड्यांनी विड्या वळायला बसल्या. सुरुवातीला सुताची गाठ मारताना बोटे दमत, ते हळूहळू कमी झाले.

आश्विनात एका रात्री साडेदहाला दिराचा फोन आला. मोरीच्या जाळीबाहेर साप आहे, त्याने कोणताही अंदाज न सांगता एवढेच कळवले. मी गेलो. कवड्याच होता, पाइपाच्या तोंडाशी घुटमळून भिंतीवर चढत होता. तो वर चढेपर्यंत आम्ही विजेरीचा झोत त्याच्यावर ठेवला. पत्रा आणि भिंत जिथे मिळतात तिथे, शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीत, दोन विटांमधल्या एका भेगेत तो शिरला. ती भेग रविवारच्या कामात आमच्या नजरेतून सुटली होती. दुसऱ्या दिवशी तो बाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि दोन्ही घरांच्या बाजूंनी ती सिमेंटने बंद केली.